दोन-धावी लहान इंजिनांतील अंतर्ग्रहण झडपा

दोन-धावी इंजिनातील अंतर्ग्रहण झडप म्हणजे कार्बोरेटरमधून येणारे हवा व इंधनाचे मिश्रण क्रँककेसमध्ये केव्हा शिरू द्यायचे आणि केव्हा अडवायचे, हे ठरविणारी रचना होय. व्यवहारात टू-स्ट्रोक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या इंजिनांत चार-धावी इंजिनासारखी कॅमने उघडणारी झडप सहसा नसते. तिचे काम पिस्टनची कड, पोकळ क्रँकशाफ्टला पाडलेली खिडकी, फिरती तबकडी किंवा लवचिक पाती यांपैकी एखादा भाग करतो. या निवडीवर इंजिनाची शक्ती, कमी वेगावरील स्थिरता, सुरू होण्यातील सुलभता, इंधनाचा खर्च आणि दुरुस्तीची सोय अवलंबून असते.

हवाई मॉडेलांसाठी बनविलेल्या एक घन सेंमीपेक्षाही लहान इंजिनांपासून शेतातील पाठीवरचे फवारणी यंत्र आणि १५० घन सेंमीच्या स्कूटरपर्यंत हीच चार तत्त्वे आढळतात. महाराष्ट्रात अनेक वर्षे रस्त्यावर धावलेल्या व्हेस्पा, लँब्रेटा व यामाहा आरएक्स १०० या दुचाकींत त्यांपैकी तीन प्रकार पाहावयास मिळत.

कार्यतत्त्व

दोन-धावी इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक ज्वलन होते. पिस्टन वर जात असताना त्याच्या वरच्या बाजूस मिश्रण दाबले जाते, तर त्याच वेळी खालच्या बाजूस, म्हणजे बंदिस्त क्रँककेसमध्ये, दाब कमी होतो. या कमी दाबामुळे कार्बोरेटरमधून ताजे मिश्रण आत ओढले जाते. ज्वलनानंतर पिस्टन खाली येऊ लागला की क्रँककेसमधील मिश्रण दाबले जाते. पुढे निष्कास द्वार उघडून जळलेले वायू बाहेर पडतात आणि त्यापाठोपाठ उघडणाऱ्या ट्रान्सफर द्वारांतून क्रँककेसमधील मिश्रण सिलिंडरमध्ये चढते.

याचा अर्थ क्रँककेस हा एक पंपच असतो. कोणत्याही पंपाला आत घेण्याच्या वाटेवर एक झडप लागते. लोहाराच्या भात्याला असलेली चामड्याची झडप हवा आत घेते, परंतु भाता दाबल्यावर ती परत बाहेर जाऊ देत नाही. दोन-धावी इंजिनाच्या अंतर्ग्रहण झडपेचे काम तेच असते. फरक वेगाचा असतो. मिनिटाला १२,००० फेरे घेणाऱ्या मॉडेल इंजिनात हे उघडणे-मिटणे सेकंदाला २०० वेळा घडावे लागते.

झडपेच्या उघडण्या-मिटण्याच्या वेळा क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजतात. पिस्टन सर्वांत वर असतानाच्या स्थितीला वरचा मृतबिंदू आणि सर्वांत खाली असतानाच्या स्थितीला खालचा मृतबिंदू म्हणतात. आदर्श झडप खालच्या मृतबिंदूनंतर ट्रान्सफर द्वारे मिटण्याच्या सुमारास उघडावी आणि वरच्या मृतबिंदूनंतर आत येणाऱ्या प्रवाहाचा वेग संपताच मिटावी. वाहत्या मिश्रणाला जडत्व असल्यामुळे पिस्टन खाली येऊ लागल्यावरही ते काही काळ आत येतच राहते. हा काळ वेगानुसार बदलतो, आणि झडपेची रचना निवडताना मुख्य अडचण येथेच येते.

इतिहास

स्कॉटिश अभियंता ड्युगल्ड क्लर्क यांच्या सुरुवातीच्या दोन-धावी इंजिनात मिश्रण पुरविण्यासाठी वेगळा पंप-सिलिंडर होता. इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे यांनी १८८९ च्या सुमारास क्रँककेसचाच पंप म्हणून उपयोग केला. त्यांच्या मूळ रचनेत क्रँककेसच्या तोंडाशी दाबाने आपोआप उघडणारी एकमार्गी झडप होती. १८९२ मध्ये फ्रेडरिक कॉक यांनी ती काढून टाकून सिलिंडरच्या भिंतीत तिसरे द्वार पाडले आणि ते उघडण्या-मिटण्याचे काम पिस्टनच्या खालच्या कडेकडे सोपविले. त्यामुळे पिस्टन, संयोगदांडा व क्रँकशाफ्ट एवढेच हलते भाग असलेले इंजिन शक्य झाले. स्वस्त दोन-धावी इंजिनांचा प्रसार याच साधेपणामुळे झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर फिरत्या तबकडीच्या झडपेला महत्त्व आले. पूर्व जर्मनीत डॅनियल झिमरमान यांनी शर्यतीच्या मोटारसायकलीवर ती वापरली आणि एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी तिला निष्कास नळीतील दाबलहरींच्या उपयोगाची जोड दिली. एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये पश्चिमेकडे निघून गेला व पुढे सुझुकीकडे गेला. त्याच्याबरोबर हे ज्ञानही जपानमध्ये पोहोचले. १९७० च्या दशकात यामाहाने रस्त्यावरील मोटारसायकलींत रीड झडप मोठ्या प्रमाणावर आणली. डे यांच्या मूळ एकमार्गी झडपेचेच हे सुधारित रूप म्हणता येते.

प्रकार

१. पिस्टन-नियंत्रित द्वार

या रचनेत कार्बोरेटर सिलिंडरच्या बाजूला बसवितात. पिस्टन वर गेला की त्याची खालची कड अंतर्ग्रहण द्वाराच्या वर सरकते व द्वार क्रँककेसमध्ये उघडते. पिस्टन खाली येताना तीच कड द्वार झाकते.

या रचनेची मूलभूत मर्यादा भौमितिक आहे. द्वार वरच्या मृतबिंदूच्या जितके अंश आधी उघडते, तितकेच अंश नंतर मिटते. लवकर उघडावे म्हणून द्वार मोठे केले, तर ते उशिरा मिटते. उदाहरणार्थ, १५ मिमी धाव व २८ मिमी लांबीचा संयोगदांडा असलेल्या इंजिनात द्वार वरच्या मृतबिंदूच्या ६० अंश आधी उघडावयाचे असेल, तर त्या क्षणी पिस्टन सर्वोच्च स्थानापासून सुमारे ४.५ मिमी खाली असतो. मिटतानाही तो तितकाच, म्हणजे धावेच्या जवळजवळ ३० टक्के, खाली आलेला असतो. कमी वेगावर या दरम्यान आत आलेले मिश्रण कार्बोरेटरकडे परत ढकलले जाते. त्यालाच मिश्रण उलटे फेकणे म्हणतात. कार्बोरेटरच्या तोंडाशी दिसणारे इंधनाचे धुके ही त्याची खूण होय.

याच उदाहरणात पिस्टनची खालची कड सुमारे ०.६५ मिमी घासल्यास द्वार ६० ऐवजी ६५ अंशांवर उघडते-मिटते, म्हणजे एकूण काळ १० अंशांनी वाढतो. लहान इंजिनात कानशीच्या काही फटक्यांनी एवढा फरक पडतो आणि घासलेला धातू परत लावता येत नाही. म्हणून असे बदल करण्यापूर्वी अंशमापक चकती लावून मोजणी करणे आवश्यक ठरते.

ब्रिटनमधील मिल्स कंपनीची युद्धोत्तर काळातील छोटी डिझेल मॉडेल इंजिने या प्रकारची होती. शक्ती बेताची, पण सुरू होण्यास सुलभ व टिकाऊ म्हणून ती नावाजली गेली. या रचनेचे इंजिन दोन्ही दिशांना फिरू शकते.

२. क्रँकशाफ्ट झडप

मॉडेल विमानांच्या इंजिनांत सर्वाधिक आढळणारी ही रचना आहे. क्रँकशाफ्ट आतून पोकळ असतो व ती पोकळी क्रँककेसमध्ये उघडते. शाफ्टच्या अंगावर एक खिडकी कापलेली असते. शाफ्ट फिरताना ही खिडकी वर बसविलेल्या कार्बोरेटरच्या तोंडासमोर आली की मिश्रण खिडकीतून पोकळीत व तेथून क्रँककेसमध्ये जाते.

उघडण्याची व मिटण्याची वेळ येथे एकमेकींपासून स्वतंत्र ठेवता येते. साध्या सरावाच्या इंजिनात खिडकी खालच्या मृतबिंदूनंतर सुमारे ४५ अंशांवर उघडून वरच्या मृतबिंदूनंतर सुमारे ४५ अंशांवर मिटेल अशी योजना करता येते. म्हणजे एकूण १८० अंशांचा काळ मिळतो. वरील उदाहरणातील मापांनुसार ४५ अंशांवर पिस्टन धावेच्या केवळ १८ टक्के खाली आलेला असतो, त्यामुळे उलटे फेकणे कमी होते. अधिक वेगाच्या इंजिनांत मिटण्याची वेळ ६० अंशांपर्यंत किंवा त्यापुढे नेतात.

या रचनेची मर्यादा शाफ्टच्या ताकदीत आहे. बाहेरून ९ मिमी व्यासाच्या शाफ्टमध्ये ६ मिमीची पोकळी असेल, तर वाटेचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौ. मिमी होते आणि भरीव शाफ्टच्या सुमारे ८० टक्के पीळ-बळ शिल्लक राहते. पोकळी ७ मिमी केल्यास क्षेत्रफळ सुमारे ३८ चौ. मिमी होते, पण बळ सुमारे ६३ टक्क्यांवर येते. खिडकी कापल्यामुळे ते आणखी घटते. म्हणून शक्तिशाली इंजिनांत शाफ्ट जाड करावा लागतो. जाड शाफ्टमुळे वजन व बेअरिंगमधील घर्षण वाढते. शिवाय शाफ्टमधील पोकळी क्रँककेसच्या एकूण आकारमानात भर घालते, त्यामुळे पंपाचा दाब किंचित कमी होतो.

सुरक्षिततेच्या दृष्टीनेही एक गोष्ट महत्त्वाची आहे. या रचनेत कार्बोरेटर पुढच्या बाजूस, फिरत्या पंख्याच्या अगदी मागे येतो. चालू इंजिनाची इंधन-सुई फिरविताना बोटे पंख्याजवळ जातात. हा धोका टाळण्यासाठी अनेक उत्पादकांनी सुई कार्बोरेटरपासून वेगळी करून इंजिनाच्या मागील बाजूस बसविली.

३. फिरती तबकडी व क्रँकच्या पाळीची झडप

तबकडी झडपेत क्रँककेसच्या मागील झाकणाला लागून एक पातळ तबकडी फिरते. क्रँकपिनचे टोक तिला फिरविते. तबकडीचा कापलेला भाग झाकणातील छिद्रासमोर आला की वाट मोकळी होते. मिश्रणाचा मार्ग लहान व सरळ असतो, शाफ्ट पोकळ करावा लागत नाही आणि छिद्राचा आकार मोठा ठेवता येतो. मॉडेलांच्या वेग-स्पर्धांसाठी बनविलेल्या इंजिनांत म्हणूनच ही रचना आढळते. कार्बोरेटर मागे असल्याने हात पंख्यापासून दूर राहतो. वेळा बदलावयाच्या असल्यास तबकडी किंवा झाकण बदलणे पुरते.

मात्र तबकडी आणि झाकण यांतील फट अत्यंत कमी असावी लागते. ती वाढली की गळती होते व कमी केली की घर्षण वाढते. तबकडीऐवजी पोकळ नळकांडे वापरल्यास तिला ड्रम झडप म्हणतात.

इटलीच्या पियाजिओ कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हेस्पा स्कूटरमध्ये याच तत्त्वाची वेगळी मांडणी केली. वेगळी तबकडी न लावता क्रँकशाफ्टच्या जाड पाळीलाच झडपेचे काम दिले. पाळीच्या परिघाचा काही भाग कापलेला असतो. उरलेला भाग क्रँककेसमध्ये घडविलेल्या गुळगुळीत पृष्ठावरून अगदी जवळून सरकतो व छिद्र झाकतो. वेगळा भाग नसल्यामुळे ही रचना स्वस्त पडते आणि मिश्रणातील तेल थेट क्रँकच्या बेअरिंगवर पडते. तिचा दोष दुरुस्तीच्या वेळी लक्षात येतो. धातूचा बारीक तुकडा आत गेल्यास पृष्ठावर ओरखडा पडतो, आणि तो पृष्ठ क्रँककेसचाच भाग असल्याने सुटा बदलता येत नाही.

क्रँकशाफ्ट व तबकडी या दोन्ही प्रकारांतील इंजिन एकाच दिशेला नीट चालते. उलट दिशेने फिरविल्यास उघडण्या-मिटण्याच्या वेळा चुकीच्या जागी येतात.

४. रीड झडप

रीड झडपेत छिद्रावर एक पातळ लवचिक पाती एका टोकाला पक्की केलेली असते. क्रँककेसमधील दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला की पाती वाकून वाट देते. दाब वाढला की ती मिटते. तिला यांत्रिक वेळापत्रक नसते. वेग कमी असो वा जास्त, प्रवाह आत येत असेल तेवढाच वेळ ती उघडी राहते. त्यामुळे कमी वेगावरही मिश्रण उलटे फेकले जात नाही आणि इंजिन संथ फिरतानाही चांगला ओढा देते.

पातीसाठी लहान मॉडेल इंजिनांत बेरिलियम-तांबे व पुढे मायलरसारखा प्लास्टिकचा पत्रा वापरला गेला. मोटारसायकलींत स्प्रिंग पोलाद, काचतंतू व कार्बनतंतूंच्या पात्या वापरतात. पाती ही हार्मोनियमच्या रीडप्रमाणे स्वतःच्या ठरावीक कंपनसंख्येने थरथरणारी वस्तू असते. ही कंपनसंख्या पातीच्या जाडीच्या सम प्रमाणात व लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. लांबी दुप्पट केली तर कंपनसंख्या एक-चतुर्थांश होते. इंजिनाचा वेग या मर्यादेजवळ आला की पाती वेळेवर मिटत नाही, फडफडू लागते व शेवटी तिच्या कडा तुटतात. जाड पाती लावल्यास फडफड थांबते, पण ती उघडण्यासाठी अधिक दाब लागतो व कमी वेगावरील फायदा घटतो.

अमेरिकेतील कॉक्स कंपनीची ०.०४९ घन इंच, म्हणजे सुमारे ०.८ घन सेंमी, क्षमतेची बेब बी इंजिने रीड झडपेची होती. त्यांची टाकी इंजिनाला मागे जोडलेली असे आणि ती लहान मुलांच्या तयार मॉडेलांसाठी मोठ्या संख्येने बनविली गेली. याच कंपनीने पुढे त्याच क्षमतेचे टी डी इंजिन क्रँकशाफ्ट झडपेसह काढले. ते स्पर्धकांसाठी होते व वेगाने बरेच पुढे होते. क्षमता तीच असूनही एकाच उत्पादकाने नवशिक्यासाठी एक झडप व स्पर्धकासाठी दुसरी निवडली. या दोन रचनांतील फरक समजण्यास हे उदाहरण उपयुक्त आहे. रीड झडपेचे इंजिन दोन्ही दिशांना फिरते. बेब बी इंजिन हाताळणाऱ्यांना ते कधी कधी उलटे सुरू झाल्याचा अनुभव येतो.

तुलना

| गुणधर्म | पिस्टन-नियंत्रित | क्रँकशाफ्ट | तबकडी / पाळी | रीड |
|---|---|---|---|---|
| जास्तीचे हलते भाग | नाहीत | नाहीत | तबकडीत एक. पाळीत नाही | पात्या |
| उघडण्या-मिटण्याच्या वेळा | सममित, बांधलेल्या | स्वतंत्र, बांधलेल्या | स्वतंत्र, बांधलेल्या | दाबानुसार बदलत्या |
| कमी वेगावर उलटे फेकणे | जास्त | मध्यम | मध्यम | अत्यल्प |
| जास्त वेगावरील शक्ती | मध्यम | चांगली | उत्तम | पातीवर अवलंबून |
| फिरण्याची दिशा | दोन्ही | एकच | एकच | दोन्ही |
| झिजणारा भाग | पिस्टनची कड, सिलिंडर | शाफ्ट व त्याचे घर | तबकडी किंवा पृष्ठ | पात्या |
| दुरुस्तीची सोय | सोपी | महाग | पाळीच्या प्रकारात अवघड | सर्वांत सोपी |

ही तुलना करताना केवळ अंशांकडे पाहणे पुरेसे नसते. प्रत्यक्ष वेळही मोजावी लागते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांना एका फेऱ्यास १० मिलिसेकंद लागतात. १२० अंश उघडणाऱ्या पिस्टन-नियंत्रित द्वाराला त्यांपैकी ३.३ मिलिसेकंद मिळतात. १८,००० फेऱ्यांना एक फेरा ३.३ मिलिसेकंदांत पुरा होतो व १८० अंश उघडणाऱ्या क्रँकशाफ्ट झडपेलाही केवळ १.७ मिलिसेकंद मिळतात. म्हणजे संथ इंजिनातील साध्या द्वाराला वेगवान इंजिनातील चांगल्या झडपेच्या दुप्पट वेळ मिळतो. म्हणूनच ठरावीक व मध्यम वेगाने चालणाऱ्या फवारणी यंत्राला पिस्टन-नियंत्रित रचना पुरते, तर स्पर्धेच्या मॉडेलाला पुरत नाही.

महाराष्ट्रातील वापर

दुचाकी व रिक्षा

पुण्याजवळील आकुर्डी येथे बजाज ऑटोने १९६० च्या दशकात पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा स्कूटर बनविल्या. त्यामुळे क्रँकच्या पाळीची झडप महाराष्ट्रातील गॅरेजमध्ये परिचित झाली. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने इटलीच्याच इनोसेंटी कंपनीची लँब्रेटा स्कूटर आणली. तिचे इंजिन पिस्टन-नियंत्रित द्वाराचे होते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना ही मोपेड १९७२ मध्ये बाजारात आली व तिने दोन-धावी इंजिन तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचविले. १९८५ मध्ये आलेल्या ९८ घन सेंमीच्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलीत रीड झडप होती. ७,५०० फेऱ्यांना सुमारे ११ अश्वशक्ती देणारे हे इंजिन कमी वेगावरही चटकन ओढ घेई आणि त्यामागे रीड झडपेचा मोठा वाटा होता.

शेती

मराठवाड्यात दोन-धावी इंजिनाचा आजही टिकून असलेला वापर म्हणजे पाठीवरचे पेट्रोल फवारणी यंत्र होय. बीड तालुक्यातील चौसाळा हे सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावरील गाव ज्या भागात येते, तेथे कापूस, सोयाबीन व तूर ही खरिपाची प्रमुख पिके आहेत आणि कापसाला हंगामात अनेकदा फवारणी करावी लागते. मुंबईतील मालाड येथील अ‍ॅस्पी या कंपनीने अशी हवेच्या झोताची यंत्रे भारतात रूढ केली. त्यांतील इंजिन बहुधा ३५ घन सेंमीच्या आसपासचे असते. यंत्र माणसाच्या पाठीवर असल्यामुळे वजन, थरथर व धूर या तिन्हींना विशेष महत्त्व येते. पिस्टन-नियंत्रित रचनेत सुटे भाग कमी असल्याने वजन व किंमत कमी राहते. परंतु यंत्र संथ ठेवून ओळीच्या टोकाला वळताना मिश्रण उलटे फेकले जाते आणि ते हवागाळणीवर साचते. ओली झालेली गाळणी शेतातील धूळ अधिक पकडते, हवेची वाट अरुंद होते, मिश्रण घट्ट होते आणि धूर वाढतो. हा धूर फवारणाऱ्याच्या डोक्याजवळच राहतो.

हवाई मॉडेल

राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेच्या प्रशिक्षणात हवाई मॉडेल बनविणे व उडविणे यांचा समावेश आहे आणि अखिल भारतीय वायू सैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. महाराष्ट्रातील हवाई तुकड्यांचे छात्रही त्यांत भाग घेतात. या मॉडेलांतील इंजिनांत क्रँकशाफ्ट झडपेचा प्रकार सर्वाधिक प्रचलित राहिला. भारतात कोलकात्यात अरोरा या नावाने छोटी डिझेल मॉडेल इंजिने बनत असत. अशा इंजिनांचे इंधन ईथर, रॉकेल व एरंडेल यांचे मिश्रण असते. तारेच्या तप्त प्लगवर चालणाऱ्या इंजिनांत मिथेनॉल व एरंडेल वापरतात. एरंडेल केवळ वंगण म्हणून उपयोगी पडत नाही. क्रँकशाफ्ट व त्याचे घर यांतील सूक्ष्म फट त्याच्या थराने बुजते व झडपेची गळती रोखली जाते. तेलाचे प्रमाण कमी केल्यास झीज वाढते आणि झडपही नीट मिटेनाशी होते.

मोठ्या पेट्रोल मॉडेल इंजिनांत, उदाहरणार्थ डीए-५० व डीएलई-२० यांत, रीड झडप वापरली जाते. झाडे कापण्याच्या यंत्रांवरून विकसित झालेली झेनोआची मॉडेल इंजिने मात्र पिस्टन-नियंत्रित द्वाराची आहेत.

बिघाड व निगा

अंतर्ग्रहण झडपेचे बिघाड बहुतेक वेळा कार्बोरेटरचे बिघाड समजले जातात. पुढील लक्षणे वेगळी ओळखता येतात.

कार्बोरेटरच्या तोंडातून इंधनाचे धुके सर्व वेगांवर बाहेर येत असल्यास झडप मिटत नाही असे समजावे. रीड झडपेत पातीखाली वाळूचा कण अडकणे, पाती वाकणे किंवा तिची कड तुटणे ही त्याची नेहमीची कारणे होत. चांगली पाती आपल्या बैठकीवर सपाट टेकलेली असते. उजेडासमोर धरल्यास मोठी फट दिसू नये. तुटलेल्या पोलादी पातीचा तुकडा सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन ओरबाडू शकतो. म्हणून कड चिरलेली पाती पुन्हा वापरू नये.

पिस्टन-नियंत्रित इंजिन थंड असताना सुरू होते व तापल्यावर सुरू होत नाही, यामागे अनेकदा पिस्टन व सिलिंडर यांतील झीज असते. तापल्यावर तेल पातळ होते, फट उघडी पडते आणि क्रँककेसमध्ये पुरेसा कमी दाब निर्माण होत नाही.

क्रँकशाफ्टच्या टोकाचे तेलरोधक झिजल्यास कोणत्याही प्रकारच्या झडपेच्या इंजिनात बाहेरची हवा थेट आत येते. मिश्रण विरळ होते, वेग आपोआप वाढतो व पिस्टन तापून अडकतो. अशा वेळी केवळ इंधन-सुई उघडून मिश्रण घट्ट केल्याने मूळ दोष जात नाही.

पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्रात तेलाचे प्रमाण उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ठेवावे लागते. १:२५ प्रमाणासाठी एका लिटरला ४० मिली व १:५० प्रमाणासाठी २० मिली तेल लागते. अंदाजाने जास्त तेल ओतल्यास रीड पात्यांवर चिकट थर साचतो आणि त्या उशिरा उघडतात. कमी ओतल्यास पिस्टन, शाफ्ट व तबकडी झिजतात.

प्रदूषण व वापरातील घट

दोन-धावी इंजिनाचा मुख्य दोष असा की ट्रान्सफर व निष्कास ही दोन्ही द्वारे काही काळ एकदमच उघडी असतात. त्या काळात न जळलेल्या मिश्रणाचा लक्षणीय भाग धुराबरोबर बाहेर जातो. चांगली अंतर्ग्रहण झडप हा दोष दूर करू शकत नाही, कारण ती फक्त क्रँककेसच्या प्रवेशाकडील वाट सांभाळते. ती कार्बोरेटरकडे होणारा इंधनाचा अपव्यय थांबविते. निष्कासाकडील नासाडी तशीच राहते. रीड झडप लावल्याने इंजिन प्रदूषणमुक्त होते हा समज त्यामुळे चुकीचा आहे.

निष्कासाकडील नासाडी कमी करण्यासाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानमधील कोमात्सु झेनोआ कंपनीने हातातील यंत्रांसाठी स्तरित रचना आणली. तीत ट्रान्सफर मार्गात आधी शुद्ध हवा भरली जाते व तीच प्रथम सिलिंडरमध्ये शिरते; निष्कासातून वाया जाते ती प्रामुख्याने ही हवा, इंधन नव्हे. या रचनेत एकाच इंजिनात दोन प्रकारच्या अंतर्ग्रहण झडपा एकत्र नांदू शकतात: मिश्रणासाठी पिस्टन-नियंत्रित द्वार आणि हवेसाठी रीड झडप.

भारतात उत्सर्जनाचे निकष टप्प्याटप्प्याने कडक होत गेल्यावर दोन-धावी दुचाकींचे उत्पादन थांबले आणि मुंबईत रिक्षा सीएनजीकडे वळल्या. मॉडेल विमानांत ब्रशरहित विद्युत मोटार व लिथियम बॅटरी यांनी लहान इंजिनांची जागा मोठ्या प्रमाणात घेतली. शेतात बॅटरीवरील फवारणी पंप वाढत आहेत. तथापि कापसासारख्या दाट पिकात हवेच्या जोरदार झोताची गरज असते तेथे, तसेच गवत व झुडपे कापण्याच्या यंत्रांत, दोन-धावी इंजिन वापरात आहे. ज्या यंत्रांची देखभाल गावातच करावी लागते, त्यांच्या बाबतीत शक्तीइतकाच दुरुस्तीच्या सोयीचा विचार झडप निवडताना केला जातो. पात्यांचा संच सुटा बदलता येतो, तर पाळीच्या झडपेचा ओरखडलेला पृष्ठ संपूर्ण क्रँककेस निकामी करू शकतो.

हे सुद्धा पहा

अंतर्ज्वलन इंजिन
कार्बोरेटर
क्रँकशाफ्ट
हवाई मॉडेल
राष्ट्रीय छात्र सेना
फवारणी यंत्र